आश्रम नको, मदतनीसाचा पगार द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका निवृत्त अधिकाऱ्यांचं पत्र वाचलं. तीव्र दिव्यांगांसाठी सरकारनं प्रत्येक जिल्ह्यात एक सुसज्ज निवासगृह बांधावं, म्हणजे आईवडिलांच्या माघारी या मुलांचे हाल होणार नाहीत आणि सगळ्यांना एका छताखाली ठेवलं की सेवाही स्वस्तात पडेल, अशी त्यांची सूचना आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. फक्त ज्या ‘मुलां’ची त्यांना काळजी लागली आहे, त्यांतली एक मी आहे आणि माझं वय ४१ आहे. विषय माझाच निघालाय तर चार शब्द माझेही छापावेत. नाव मात्र छापू नये. माझा भाऊ आणि माझे घरमालक, दोघेही आपलंच वर्तमानपत्र घेतात.

सांगलीत विश्रामबागेत तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत मी राहते. बी.कॉम.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या गाडीवर मागं बसले होते, मिरज रस्त्यावर रंग न मारलेला गतिरोधक लागला आणि मानेत मज्जारज्जूला इजा झाली. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट उचलता येतं. बोटांची मूठ होत नाही, आणि छातीच्या खाली काहीच कळत नाही. तळव्याला वेल्क्रोची पट्टी बांधून घेते, तिच्यात पेन्सिल उलटी खोचते आणि रबराच्या टोकानं कीबोर्डची एकेक कळ दाबते. अशा रीतीनं दोन करसल्लागारांच्या अशिलांची जीएसटीची विवरणपत्रं मी भरते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस माझ्याकडं कुणी गप्पा मारायला येऊ नये, हे आता नातेवाइकांनाही पाठ झालंय.

रोज हे काम सुरू होण्याआधी जे काम व्हावं लागतं ते मी करत नाही, सकाळच्या मावशी करतात. त्या आठ वाजता एसटीनं येतात, अर्ध्या तिकिटात. लघवीची नळी, पोट साफ करणं, अंघोळ, मग आरसा धरून पाठ आणि माकडहाड मला दाखवणं. कुठं लालसर डाग दिसला तर त्या दिवशी त्या बाजूवर बसायचं नाही, कारण मला दुखत नसल्यानं जखम झालेली कळतच नाही. मग पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये एक गुळगुळीत सागवानी फळी सरकवायची, माझे गुडघे त्यांनी आपल्या गुडघ्यांत धरायचे, मी मान पुढं टाकायची आणि ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ मी म्हणायचं असतं. नव्या बाई आल्या की पहिले काही दिवस त्या आपल्या हिशेबानं ओढतात आणि आम्ही दोघी घाबरतो. मी सांगते तसं केलं की पंचावन्न किलोची बाई एकटीला हलवता येते. फळी, गुडघे आणि ‘हं’ एवढं जमलं की बाकी सगळं शिकता येतं.

रात्रीच्या मावशी नऊला येतात. दर अडीच-तीन तासांनी मला कुशीवर वळवायचं, हे त्यांचं मुख्य काम. बाकी झोपायला मोकळ्या. त्या घोरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता निवासगृहाकडं येते. आई गेली तेव्हा तेराव्याच्या आधीच घरात ‘आता हिचं काय?’ ही बैठक बसली. मी त्याच खोलीत होते. दादा पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे पण तिच्यात माझी खुर्ची जात नाही. वहिनी मात्र स्पष्ट बोलल्या. “वन्सं, मनापासून या म्हणेन, पण माझ्या कमरेचं ऑपरेशन झालंय, तुम्हाला उचलणं माझ्याच्यानं होणार नाही.” त्या बैठकीतलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं, आणि त्यामुळं आमचं अजून चांगलं जमतं. मग संस्था बघायचं ठरलं. दादा मला एका निवासी संस्थेत घेऊन गेला. ती कुठली ते सांगत नाही, कारण ती वाईट नव्हती. फरशी स्वच्छ, माणसं प्रेमळ, भिंतीवर दात्यांच्या नावांच्या पाट्या. अंघोळी पहाटे साडेचारला सुरू होतात, कारण तीसेक जणींना तीन बायका आंघोळ घालतात आणि आठला नाष्टा असतो. चहा दोनदा. बाहेर जायचं तर पालकाची चिठ्ठी, वय कितीही असो. व्यवस्थापक दादाशी बोलत होते तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरची एक मुलगी, असेल पंचवीसची, मला हळूच म्हणाली, “ताई, तुमचा मोबाईल तुमच्याकडंच असतो का?”

परतीच्या वाटेवर मी दादाला सांगितलं की मी सांगलीतच राहणार, तळमजला शोध. दादाला राग आला, पण त्यानं शोधला. पाच-सहा घरमालकांनी नकार दिला. “तुम्हाला एकटीला काही झालं तर पोलीस आमच्याकडं येतील,” हे कारण. सध्याच्या मालकांनी होकार दिला आणि दारातल्या दोन पायऱ्यांवर लाकडी उतार टाकायलाही परवानगी दिली. हे पत्र त्यांना ओळखू आलं तर त्यांनी भाडं वाढवू नये.

मी स्वतंत्र राहते असं म्हटलं की लोक म्हणतात, “पण बायका लागतातच की तुम्हाला!” लागतात. कलेक्टरसाहेबांनाही शिपाई, ड्रायव्हर, स्वयंपाकी लागतो. त्यांना कुणी परावलंबी म्हणत नाही. मदत कुणाची घ्यायची, केव्हा घ्यायची, कशी घ्यायची आणि नको असेल तेव्हा नको कसं म्हणायचं, हे माझ्या हातात आहे तोवर मी स्वतंत्र आहे. संस्थेत मदत तीच, कदाचित थोडी जास्तच. पण साडेचारला अंघोळ नको म्हणायची सोय नाही.

हे माझं एकटीचं खूळ नाही, देशाचा कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं पाचवं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, आणि घरपोच सेवा, व्यक्तिगत मदतनीस यांसारखा आधार तिला मिळाला पाहिजे. चोविसाव्या कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्ता, असं स्पष्ट लिहिलंय. अडतिसाव्या कलमात त्यासाठी अर्ज कसा करायचा, तपासणी मंडळानं गरज कशी ठरवायची ते आहे, आणि २०१९ मध्ये केंद्रानं त्याचे नियमही केले. त्याच्याही आधी, १ ऑक्टोबर २००७ रोजी भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. त्याचं एकोणिसावं कलम नेमकं याच विषयावर आहे. म्हणजे निवृत्त अधिकारी ज्या निवासगृहाची मागणी करताहेत, त्याच्या नेमक्या उलट दिशेनं जायचं सरकारनं केव्हाच कबूल केलेलं आहे.

अर्थात पोटवाक्यं वाचायची मला धंद्यामुळं सवय आहे. चोविसाव्या कलमाच्या सुरुवातीलाच ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ आहे आणि अडतिसाव्यात ‘सरकारच्या योजना व आदेशांच्या अधीन राहून’ आहे. ज्या दारातून हक्क आत येतो, त्याच दारातून तो गुपचूप बाहेर नेता यावा म्हणून ठेवलेली ही वाक्यं.

मी अर्ज केला. एका सरकारी कार्यालयात, अडतिसाव्या कलमाचा उल्लेख करून. टेबलापलीकडच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “मॅडम, नेमकं काय पाहिजे? व्हीलचेअर का? व्हीलचेअरचा फॉर्म वेगळा आहे.” मी खुर्चीत बसूनच हे ऐकत होते. मदतनीसाच्या पगारासाठी मदत हवी आहे म्हटल्यावर त्या अडखळल्या आणि संस्थेत प्रवेशाची माहिती देऊ लागल्या. अर्जाची पोच मिळाली. उत्तर यायचंय.

म्हणून आता हिशेब मांडते. तो मला बरा जमतो. सकाळच्या मावशींना ९ हजार, रात्रीच्या मावशींना १० हजार, आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बदलीच्या बाईंना मिळून २ हजार. झाले २१ हजार. नळ्या, हातमोजे, डायपर, मलमपट्टी यांचे ४ हजार. म्हणजे सकाळी खुर्चीत बसून रात्री पलंगावर परत जाण्याचा खर्च महिना २५ हजार. भाडं ७ हजार. माझी कमाई साधारण ३२ हजार. इथं पाटी कोरी झाली. खाणंपिणं, वीज, इंटरनेट हे आईच्या मुदत ठेवीच्या व्याजावर चालतं. ठेव मोडायची वेळ अजून आलेली नाही. व्याजदर उतरले की मला झोप लागत नाही, आणि त्याला रात्रीच्या मावशी कारण नसतात.

सरकारी बाजू बघू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार झालं, ते स्वागतार्हच. बच्चू कडूंनी सहा हजार मागितले होते, त्यासाठी मोझरीला उपोषण केलं. पण अडीच काय नि सहा काय, ते मला लागू नाही, कारण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. माझ्या मदतनीसांचा वर्षाचा पगारच २ लाख ५२ हजार होतो, या मर्यादेच्या पाचपट. सरकारच्या लेखी मी गरजू ठरायचं तर माझी कमाई एवढी हवी की तीत अडीच महिनेही मी अंथरुणातून उठू शकणार नाही. आणि उठले नाही तर कमावणार काय? केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन महिना ३०० रुपये आहे, तेही ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर. ३०० रुपयांत रात्रीच्या मावशी एक रात्रभरही थांबणार नाहीत.

म्हणजे धोरण असं: तुम्ही नोकरी न करता घरी पडून राहा, तर थोडे पैसे. संस्थेत जा, तर तुमच्या नावानं संस्थेला अनुदान. पण आपल्या घरात राहून चार पैसे कमवायचं ठरवलंत, की तुमचा हात सुटला.

प्राप्तिकराचंही तसंच. कलम ८०यू खाली दिव्यांग करदात्याला ७५ हजारांची आणि तीव्र दिव्यांगाला सव्वा लाखाची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाही, आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवीच. माझ्या कमाईवर करच बसत नाही, म्हणून माझं काही बिघडत नाही. पण माझा एक अशील आहे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापारी. त्याच्या ड्रायव्हरचा पगार धंद्याचा खर्च म्हणून मी दरवर्षी वजा दाखवते आणि ते बरोबरच आहे, ड्रायव्हर नसेल तर माल पोचणार नाही. मावशी आल्या नाहीत तर मी कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. त्यांचा पगार मात्र घरखर्च. बँकेत, कॉलेजात चांगल्या पगारावर असलेले आणि मदतनीस ठेवणारे माझ्यासारखे लोक आहेत, त्यांना ही टोचणी दरवर्षी बसते.

गंमत म्हणजे आम्हाला सोबत लागते हे रेल्वेला केव्हाच समजलंय. एकट्यानं प्रवास न करू शकणाऱ्या दिव्यांगाच्या सोबत्यालाही तिकिटात सवलत आहे. गाडीतून उतरल्यावर उरलेल्या आयुष्यात तो सोबती कुठून येतो, हा प्रश्न कुणाच्या खात्यात बसत नाही.

मदतनीस ठेवायचा म्हणजे त्यांचाही विचार करायला हवा. सकाळच्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी आठ दिवस सुट्टी मागितली. मागायलाच हवी होती. बदलीच्या बाई मिळाल्या नाहीत आणि पहिल्या सकाळी शेजारच्या काकू येईपर्यंत मी पलंगावरच होते. फोन उशाला होता, अशिलांचे मेसेज येत होते, २० तारीख होती. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला तर चोवीस तासांची बाई, महिन्याचे पैसे आगाऊ, वर ब्युरोचं कमिशन, आणि बाई कोण येणार ते ब्युरो ठरवणार. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. आमच्या दोघी मावशींना त्याची नोंदणी काय असते ते मी सांगितलं तेव्हा कळलं. आजवर ही सेवा आया, बहिणी, सुना फुकटात करत आल्या म्हणून तिची किंमत कुणी मोजली नाही. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजना आहे. महिना ६०० रुपये, म्हणजे काहीच नाही. पण हे काम आहे, त्याला दाम आहे, एवढं तरी तिथल्या सरकारनं कागदावर मान्य केलं.

आमच्या वतीनं बोलायला मात्र सगळे तयार असतात. एका बँकेत खातं उघडायला गेले. माझी सही दर वेळी वेगळी येते, पेन्सिल पट्टीत किती खोचली त्यावर. अधिकारी म्हणाले, “भावाला जॉइंट घ्या, आम्हालाही सोपं, तुम्हालाही.” मी म्हटलं, रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, सही जमत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नाही तर पायाचाही चालतो, दोन साक्षीदार लागतात. ते हसले. मग मी ती सूचना त्यांना मोबाईलवर दाखवली, आणि हक्क कायद्याचं तेरावं कलमही, ज्यात आपले पैसे आपण सांभाळण्याचा आमचा हक्क लिहिलाय. खातं माझ्या एकटीच्या नावावर उघडलं गेलं. त्यासाठी तीन तास बसावं लागलं आणि चहा आला तो दादाला विचारून. दादावर माझा विश्वास नाही असं नव्हे. पण पैसा ज्याच्या सहीनं निघतो, शेवटी बाई ठेवायची की नाही तेही तोच ठरवतो.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपल्या वाचकांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही तेव्हा गावभागात राहायचो. होडी घेऊन आलेल्या मुलांनी आईला उतरवलं आणि माझ्याकडं बघत एकमेकांना विचारलं, “यांना कसं न्यायचं?” मी म्हटलं, मला विचारा. एकानं मागून काखेतून हात घालून माझीच मनगटं धरायची, दुसऱ्यानं गुडघ्याखाली, दंड धरून ओढायचं नाही. पोरं हुशार, लगेच जमलं. खुर्चीला होडीत जागा नव्हती, ती राहिली. निवारा एका शाळेत होता, तिथं सतरंजीवर पडून राहावं लागलं, आणि माकडहाडावर जी जखम झाली ती भरायला दिवाळी गेली. हक्क कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ठेवायची असते. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हाही त्या पोरांसारख्याच पोरांवर सगळं अवलंबून होतं.

निवृत्त अधिकाऱ्यांना हे सगळं परदेशी वाटेल म्हणून परदेशातलंही सांगते. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा माणूस होता. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ हालचाल नाही, झोपायला श्वास चालवणारं लोखंडी फुप्फुसाचं यंत्र. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्यानं त्याला एकदा नोकरीच्या लायकीचा नाही असं ठरवलं होतं. १९७२ साली त्यानं आणि त्याच्या मित्रांनी बर्कलीत दिव्यांगांनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र काढलं. मदतनीस शोधून देणं हे त्यांचं एक मोठं काम होतं. १९७५ साली तोच माणूस त्याच पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. स्वीडनमध्ये १ जानेवारी १९९४ पासून कायदा आहे: तुम्हाला किती तास माणूस लागतो ते मोजायचं, तेवढ्या तासांचे पैसे द्यायचे, आणि माणूस नगरपालिकेचा घ्यायचा, कंपनीचा, सहकारी संस्थेचा की स्वतः नेमायचा ते तुम्ही ठरवायचं. सहकारी संस्था! सांगली-कोल्हापूरच्या माणसाला यात नवीन काय समजवायचं? दूध, ऊस, कर्ज, सूत सगळं सहकारात करून झालं, मदतनीसांची सोसायटी तेवढी राहिली. ब्रिटनचं उदाहरण मात्र उलटं आहे. तिथं १९८८ पासून मदतनीसासाठी पैसे देणारा स्वतंत्र जीवन निधी होता. तो ३० जून २०१५ ला बंद केला आणि इंग्लंडमध्ये पैसे स्थानिक परिषदांकडं दिले, त्यासाठीच खर्च करायची अट न घालता. पुढं काय होतं ते नगरपालिका पाहिलेल्या कुणालाही सांगता येईल.

आपल्याकडं घर आणि संस्था यांच्यामधलं काही सुचत नाही याला इतिहास आहे, हे मला मान्य आहे. कुष्ठरोग्यांना गावानं हाकललं म्हणून १९४९ मध्ये बाबा आमट्यांना आनंदवन वसवावं लागलं. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ काढली, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून. शाळा-कॉलेजं पायऱ्यांची होती आणि खेड्यातल्या पोरांना शिकायचं होतं, तेव्हा वसतिगृहाशिवाय इलाज नव्हता. मी स्वतः त्यांच्याकडं बघून उठून बसायला शिकले. ज्यांनी ही कामं उभी केली त्यांच्यापुढं मी हात जोडते. पण जी सोय समाजानं दार लावलं म्हणून करावी लागली, तिलाच आज सरकारनं धोरण म्हणून दर जिल्ह्यात बांधायचं, हे मला पटत नाही. ज्यांना संस्थेतच बरं वाटतं त्यांनी जरूर राहावं, त्यांना तिथून काढा असं मी म्हणत नाही.

उतार, लिफ्ट, शौचालयं यांबद्दल मी इथं लिहीत नाही, कारण त्यांबद्दल बोलणारे आहेत. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात सुगम्यतेच्या नियमांना धारच नाही असं म्हणून ते सक्तीचे करायला सरकारला सांगितलं. चांगलं झालं. उतार बांधला की फीत कापता येते, फोटो निघतो. माझ्या मावशींच्या पगाराची फीत कशी कापणार?

तरी मागते. राज्यानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, पुण्यात आयुक्तालय आहे. त्यांनी मदतनीस भत्ता सुरू करावा. ज्यांना जास्त आधार लागतो असं तपासणी मंडळ ठरवेल त्यांनाच द्यावा, सरसकट नको. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट नको. माणूस सज्ञान आहे, तर त्याचं उत्पन्न त्याचं आणि भावाचं भावाचं. आणि त्याची कमाई मोजताना मदतनीसावरचा खर्च आधी वजा करावा, धंद्यात करतात तसा. पैसे थेट त्या व्यक्तीच्या खात्यात यावेत, संस्थेच्या नाही, ब्युरोच्या नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांना पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतोच. आमच्या ओळखीत कुणाला त्यातून शिलाई मशीन मिळालं, कुणाला पिठाची गिरणी. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून आमची एक महापालिका आहे. तिनं या निधीतून मोजक्या लोकांना वर्षभर मदतनीसाचा निम्मा पगार देऊन बघावा. माझं नाव यादीत नसलं तरी चालेल, हिशेब ठेवायला मी फुकट येईन. मात्र यादी आणि नियम ठरवायच्या बैठकीला आम्हाला बोलवावं, आणि ती बैठक तळमजल्यावर घ्यावी.

निवृत्त अधिकाऱ्यांना एक विनंती. त्यांना वेळ असेल तर त्यांनी कुठल्याही कामाच्या दिवशी दहा वाजता माझ्याकडं यावं. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवते. चहा मावशी करतील, साखर किती घालायची ते मी सांगीन. ११ आणि २० तारखेच्या आसपास येऊ नये.

पत्र लांबलं आहे, जागेअभावी कापावं लागेल याची कल्पना आहे. पुराचा भाग कापला तरी हरकत नाही, स्वीडनही गेलं तरी चालेल. २१ हजार आणि ५० हजारांचा हिशेब आहे तो मात्र आकड्यांसह ठेवावा, आणि आकडे एकदा तपासून घ्यावेत.

आपली विश्वासू,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली